नावं ठेवणारं गाव

बांधावरची | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

तिसरी कादंबरी लिहायला घेतली त्याला आठ महिने झाले. गोष्ट तयार आहे. नहर आहे, रोवणी आहे, भावाभावांतली वाटणी आहे, एक मोडलेली सोयरीक आहे. माणसांना मात्र नावं नाहीत. वहीत अजून 'थोरला', 'थोरल्याची बायको', 'मास्तर' असंच चाललंय. एकट्या सालगड्याचं तेवढं पहिल्या पानापासून आहे, उकंडा. आणि नाव मिळाल्याशिवाय माझं कुठलंच माणूस तोंड उघडत नाही. म्हणून कापणीनंतर बाया बांधीत सरवा वेचतात तशी मी सध्या गावोगाव नावं वेचत फिरते आहे.

'नाव ठेवलं' म्हटलं की बारसं, 'नावं ठेवली' म्हटलं की निंदा. एका अनुस्वाराचा फरक. गाव ही दोन्ही कामं एकाच दमात करतं आणि दोन्ही मन लावून करतं.

मागच्या आठवड्यात नागभीडकडे आजोळी गेले होते. किराणा दुकानात उभी असताना एक आजोबा नातवाला घेऊन आले. "पाच किलो एचएमटी देजो गा." नातू दुसरीतला असेल. त्यानं विचारलं, "आबा, एचएमटी म्हणजे काय?" आबा म्हणाले, "घडी." पोरगा तांदळाच्या पोत्याकडे बघतच राहिला. दुकानदार वजन करेपर्यंत आबांनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला. त्यात पट्टा नसलेलं जुनं एचएमटीचं घड्याळ होतं. त्यांनी अंगठ्यानं आठ-दहा वेळा चावी दिली आणि ते पोराच्या कानाला लावलं. टिकटिक ऐकून पोराचे डोळे मोठे झाले. मग तो वाकला, पोत्यातले मूठभर तांदूळ घेतले आणि तेही कानाला लावून बघितले.

बाहेरच्यांसाठी सांगते. एचएमटी तांदूळ आमच्या तालुक्यातला, नांदेड नावाच्या गावचा. (नांदेड म्हटलं की लोक मनानं मराठवाड्यात पोचतात. हे नांदेड चंद्रपूर जिल्ह्यातलं.) दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' वाणाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, आणि वर्षामागून वर्ष निवडत गेले. दाणा बारीक, भात मऊ. १९९० च्या सुमारास तो धान तळोधीच्या बाजारात आला तेव्हा त्याला नावच नव्हतं. घेणाऱ्या व्यापाऱ्यानं त्याला एचएमटी म्हणायला सुरुवात केली, कारण तेव्हा त्या घड्याळाची हवा होती. नवरदेवाच्या मनगटावर एचएमटी असली की वऱ्हाडात मान. नव्या तांदळाला याहून मोठं नाव त्या व्यापाऱ्याला त्या दिवशी दुसरं कुठलं सुचणार?

पुढे दादाजींनी आणखी वाण काढले. एकाचं नाव डीआरके, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. बाकीच्या काहींत गावाचं नाव आलं, नांदेड ९२, नांदेड हिरा. ३ जून २०१८ ला ते गेले. घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये केला. तांदूळ अजून घरोघरी शिजतो, आणि पुढच्या पिढीतली पोरं ज्या घड्याळाचं नाव घेऊन जेवतात ते त्यांनी कधी बघितलेलंच नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

तर तुमच्याकडची नावं सांगा. माणसाचं, बैलाचं, बियाण्याचं, गावाचं, कशाचंही चालेल. फक्त ते कसं पडलं तेही सांगा. कारण ठाऊक नसलेलं नाव मला वापरता येत नाही.

वऱ्हाडी ठेचा | रविवार, रात्री १०.२५

ताई, लय भारी धागा काढला. मी दारव्ह्याकडचा. आमच्याकडे धान नाही, पराटी, म्हनजे कापूस. अन् पराटीच्या बियाण्याची नावं आयकली त तुमाले वाटन का पोरीच्या शाळेत हजेरी चालू हाये. मल्लिका, भक्ती, बन्नी. पोरगा पायजे त अजित हाये. मंग कबड्डी, जादू, मनीमेकर. २००२ साली बीटी आली तवा पयल्या वाणांची नावं मेक १२, मेक १६२, मेक १८४ अशी व्हती. थे कोनाच्याच तोंडी बसले नाही. माह्या बापानं जिंदगीत कोन्या बाईले नावानं हाक मारली नसन, पन कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा राहून "दोन मल्लिका अन् एक भक्ती द्या" असं खनखनीत आवाजात सांगे.

सोयाबीनचं उलटं. त्याचं नाव जेएस ३३५, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं, १९९४ चं. थे आकड्यानंच चालते. "अवंदा काय पेरलं?" "तीन-पस्तीस." बस.

अन् आता असल गोष्ट. आमच्या गावात एक काका हायेत, त्यायले सारं गाव 'तीन-पस्तीस' म्हनते. मले लहानपनापासून वाटे का सोयाबीनवरून. माही माय म्हनते नाही, एस.टी. वरून. दुपारी ३.३५ ले गाडी येत व्हती अन् काका रोज फाट्यावर जाऊन उभे राहत. कोनी येनार असो का नसो. खरं काय थे त्यायलेच इचारा लागते. बुधवारी बाजाराच्या दिवशी भेटतीन. इचारून सांगतो.

मोर्शीकर | रविवार, रात्री १०.५०

गावांच्या नावांवर वेगळा धागा निघेल, पण इथेच सांगतो. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर, दोन्ही तालुक्याची ठिकाणं. एक चांदूर रेल्वे, एक चांदूर बाजार. एकाला रेल्वे होती, एकाला बाजार, म्हणून तशी नावं. शिवाय धामणगाव रेल्वे वेगळं. आणि कारंजा म्हणाल तर वाशीम जिल्ह्यात कारंजा लाड, वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे. नुसतं "कारंज्याला निघालो" असं सांगणाऱ्या माणसाला आमच्याकडे कोणी सोडत नाही. "कोन्त्या?" हा प्रश्न आलाच.

माझे मामा-मामी लग्नाला निघाले ते चुकीच्या चांदुरात पोचले. तिथेही त्या दिवशी लग्न होतंच. कोणी काही विचारलं नाही, पाणी दिलं, पंगतीत बसवलं, जिलेबीचा आग्रह केला. आहेराची वही समोर आली आणि लिहिणाऱ्यानं "कोनाकडून?" विचारलं तेव्हा उलगडा झाला. मामीनं आहेर तिथेच दिला. म्हणाली, जेवलो ना बाप्पा. आजही त्या घरच्या पत्रिका मामीला येतात.

आता गंमत अशी की नरखेड-अमरावती लाइन झाल्यापासून चांदूर बाजारलाही रेल्वे आहे. आणि त्याच लाइनवरच्या वरूड स्टेशनचं नाव काय, तर 'वरूड ऑरेंज सिटी'. हे नाव मला मनापासून पटतं. बागा आमच्या वरूड-मोर्शीच्या, माल आमचा, आणि साऱ्या जगात संत्रा नागपुरी. निदान एका स्टेशनच्या पाटीवर तरी हिशोब बरोबर लिहिलाय.

पानठेला | रविवार, रात्री ११.०५

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हाचं. भाजीवालीला म्हटलं, "मावशी, दहा रुपयांचा सांबार द्या." ती म्हणाली, "हॉटेल पलीकडे आहे." आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिला समजावून सांगितलं. तेव्हापासून मी दिसलो की ती लांबूनच ओरडते, "ओ सांबार!" आता त्या गल्लीत माझं तेच नाव आहे. मला आवडतं. परक्या गावात कोणी नाव ठेवलं की आपण तिथले झालो असं वाटतं.

बांधावरची | सोमवार, सकाळी ६.३०

रात्री झोपताना वाचायला घेतलं आणि झोप उडाली. मोर्शीकर भाऊ, आहेराच्या वहीसमोर बसलेली तुमची मामी मला दिसली. पानठेला, 'ओ सांबार' वहीत टिपून ठेवलंय. आणि वऱ्हाडी ठेचा, बुधवारची वाट बघते.

निवृत्त गुरुजी | सोमवार, दुपारी १.१५

मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो, सगळी भंडारा जिल्ह्यात. नावांचा सगळ्यात मोठा खजिना शाळेच्या कपाटात असतो, दाखलखारीज रजिस्टर. पावसाळ्यात वाळवी लागू नये म्हणून मी ती रजिस्टरं दर वर्षी उन्हात टाकायचो आणि उलटून बघताना तास-दोन तास कसे जायचे ते कळत नसे.

अगदी जुन्या पानांवर वारांची नावं. सोमा, मंगरू, बुधा, सुकरू, शनिराम, इतवारी. ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव, पंचांग उघडायचं काम नाही. मग दगडू, धोंडू, कचरू, उकंडा. आधीची लेकरं गेलेली असत, म्हणून याच्यावर कोणाची नजर जाऊ नये असं नाव. ताई, तुमच्या कादंबरीतला उकंडा म्हणजे उकिरड्यावर टाकलेला, निदान देवाला तसं भासवलेला. मुलींत पंचफुला, शेवंता, पारबता, कौसल्या. एका पानावर अंतकला होती. तिच्या आईनंच मला सांगितलं, चार मुलींनंतर हा अंत व्हावा म्हणून. अंतकलेच्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली. तिचं नाव त्यांनी आशा ठेवलं.

जन्मतारखांचीही कथा आहे. पोराला आणलं की आम्ही विचारायचो, कधीचा? माय सांगायची, "रोवणीत झाला." कोणत्या साली? "पूर आला व्हता त्या साली." मग पोराला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हातात आला की पोरगा सहा वर्षांचा. तारीख १ जुलै. रोवणीचे दिवस तेच, त्यामुळे माझ्या मनाला कधी टोचलं नाही. आता १ जुलैला सकाळी मोबाईल उघडला की शुभेच्छांचा पूर. आमच्या गावात त्या दिवशी सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे दोन संचालक आणि पोलीस पाटील असे पाच जण मिळून एकच केक कापतात. पाचही माझे विद्यार्थी, पाचही तारखा माझ्या अक्षरातल्या.

मग दूरदर्शन आलं आणि रजिस्टर बदललं. १९९६-९७ च्या सुमारास माझ्या पहिलीच्या वर्गात चार सचिन होते. तेंडुलकर १९८९ च्या नोव्हेंबरात पहिला कसोटी सामना खेळला. त्यानंतरचं हे पीक. हजेरी घ्यायची तर आडनावं होती, पण पोरांना आडनावं चालत नाहीत. त्यांनी आठवड्याभरात सोडवलं. लांबा सचिन, टोलीवरचा सचिन, राईसमिलचा सचिन, आणि चौथ्यात सांगण्यासारखं वेगळं काही सापडेना म्हणून नुसता सचिन. नुसता सचिन आज सैन्यात आहे. सुटीवर आला की लहान पोरं त्याला 'नुसते दादा' म्हणून हाक मारतात आणि तो ओ देतो.

निवृत्तीच्या वर्षी पटावर आरोही, स्वरा, अन्वी, आराध्या होत्या. चांगली नावं आहेत, उच्चारायला गोड. पण ती भंडाऱ्याची आहेत की बोरिवलीची, हे पटावरून मला सांगता आलं नसतं. पंचफुला म्हटलं की मला ती कुठून आली हे लगेच कळायचं.

धुरकरी | सोमवार, संध्याकाळी ७.४०

बैलांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्या पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी आहे. शंकरपटात बैलाचं नाव म्हणजे अर्धी शर्यत. भोंग्यावरून निवेदक नाव पुकारतो तेव्हा ते गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून दोन-तीन अक्षरांचं, ठसक्याचं नाव लागतं. आज्याच्या काळी सर्जा-राजा, ढवळ्या-पवळ्या, हरण्या. बाबाच्या काळी तुफान आणि बच्चन. माझ्या जोडीचं नाव रॉकेट आणि धोनी. धोनी नाव का, तर तो सुरुवातीला शांत असतो आणि शेवटच्या टप्प्यात खेचतो.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट बंद झाले. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात परवानगी मिळाली. मधली साडेसात वर्षं फार वाईट गेली. आमच्या बच्चनच्या वासराचं नाव बाबानं मोठ्या हौसेनं 'बिजली' ठेवलं होतं. तो ऐन भरात आला तेव्हा पट नव्हते, आणि सुरू झाले तेव्हा त्याचं वय उलटून गेलं होतं. त्याचं नाव भोंग्यावरून एकदाही पुकारलं गेलं नाही. बंदी उठल्यावर तळेगाव दशासरचा पट बघायला बाबाला नेलं. रॉकेट-धोनीचा नंबर लागायच्या आधी बाबा निवेदकाकडे गेला आणि म्हणाला, एक नाव जास्तीचं घ्या. निवेदकही जुना माणूस. त्यानं "बिजलीच्या गोठ्यातली जोडी, रॉकेट आणि धोनी" असं पुकारलं. बाबा तिथेच खाली बसला.

नंबर आला नाही. त्याचं दुःख नाही.

मोर्शीकर | सोमवार, संध्याकाळी ७.५८

धुरकरी भाऊ, बाबांना नमस्कार सांगा.

कुरखेड्याची लेक | सोमवार, रात्री ९.१०

आमच्याकडे गडचिरोलीत नावाआधी देव विचारतात. गोंड समाजात सोयरीक जुळवायला बसलं की पहिला प्रश्न, "किती देवाचे?" चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी कुळं असतात, आणि आडनावावरून देवांची संख्या कळते. सारख्या देवांत लग्न होत नाही, कारण ते भाऊभाऊ. माझ्या मैत्रिणीचं कॉलेजातल्या एका मुलावर मन होतं. घरी सांगायच्या आधी तिनं त्याचं आडनाव आजीला सहज म्हणून विचारलं. आजीनं बोटं मोजली आणि म्हणाली, "मग भाऊ व्हय तुझा, जेवाले बोलाव." तिनं खरंच बोलावलं. आता राखी बांधते.

आणि नाटकाची नावं राहिलीच की! भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू झाली की आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटक. वडसा हे त्याचं माहेर. तेही दोन नावांचं गाव, तालुका देसाईगंज, स्टेशन वडसा, आणि बोलताना सगळे वडसाच. नाटक कंपन्यांच्या नावाचा शेवट ठरलेला, 'रंगभूमी, वडसा'. पोस्टरवर नाटकाचं नाव एवढं मोठं की माय, बहीण, कुंकू, सूड, रक्त यांतलं काही ना काही त्यात येतंच, आणि नटाच्या नावाआधी हास्यसम्राट, विनोदाचा बादशहा. या नाटकांतले नट परशुराम खुणे आमच्या कुरखेडा तालुक्यातले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली त्या दिवशी झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, प्रत्येकाला आपल्याच घरात काही आल्यासारखं वाटलं.

नाटकामुळे माणसाचं नाव कायमचं बदलतं. गावातल्या हौशी नाटकात माझ्या काकांनी एका साली इन्स्पेक्टरचं काम केलं. तीन वाक्यांचं काम. टोपी उसनी, पट्टा एनसीसीवाल्या पोराचा. मध्यरात्री दोन वाजता ते रंगमंचावर आले आणि "कोणीही जागचं हलायचं नाही!" म्हणाले, तर खाली बसलेले सगळे प्रेक्षक खरंच हलायचे थांबले. बाळाला थोपटणाऱ्या बाईचा हातसुद्धा थांबला होता, असं माय सांगते. त्या रात्रीपासून काका 'साहेब'. ते शेतमजुरी करतात. रोजीच्या कामावर मालकही त्यांना साहेब म्हणून हाक मारतो.

निळी शाई | मंगळवार, रात्री १२.२०

धागा वाचून मीही हसलो. बिजलीवर डोळ्यांत पाणी आलं. पण एक सांगायचं आहे.

माझ्या आज्याचं नाव कचरू. गुरुजी म्हणतात तसं नजरेपासून वाचवायचं नाव ते नव्हतं. त्याच्या आधीची भावंडं सगळी जगली होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव निंदा दाखवणारं असावं असं लिहून ठेवलंय. आमच्या वस्तीतल्या कोणी ते वाचलं नव्हतं, पाटलानंही वाचलं नसेल. पण गावानं ते पाळलं. पाटलाच्या घरी दगडू व्हायला लेकरं दगावावी लागत. आमच्या वस्तीत कारण लागत नसे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आज्या उमरेडकडून नागपूरला पायी गेला, दीक्षाभूमीवर. जाताना भाकरी बांधून नेली होती. परत आला आणि तिसऱ्या दिवशी शाळेत गेला. बाबाचं नाव तिथे धोंड्या लागलं होतं. आज्यानं सांगितलं, ते काढा, सिद्धार्थ लिहा. गुरुजींनी विचारलं, जोडाक्षर पोराला लिहिता येईल का? आज्या म्हणाला, तेच शिकवाले त पाठोते. पुढच्या पाच-सहा वर्षांत आमच्या ओळीतली नावं बदलली. गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा. स्वतःचं नाव मात्र आज्यानं बदललं नाही. म्हणाला, "माह्यं राहू दे. थे माह्यासंगच जाईन."

गाव बाबाला पुढची पंधरा-वीस वर्षं धोंड्याच म्हणत होतं. बाबा त्या हाकेला ओ देत नसे. उभा असेल तिथे उभा राहायचा, ऐकू न आल्यासारखा. समोरच्याचं काम अडलं की तो शेवटी "सिद्धार्थ" म्हणायचा, मग बाबा वळायचा. मी लहान असताना त्याच्या बोटाला धरून असा उभा राहिलो आहे. बोट किती घट्ट धरलेलं असायचं ते आठवतं.

ताई, तुमच्या कादंबरीत आमच्या वस्तीतलं माणूस आलं तर त्याचं नाव गावाला विचारू नका. त्याला विचारा.

निवृत्त गुरुजी | मंगळवार, सकाळी ५.५०

निळी शाई, तुमच्या आजोबांसारखी नावं बदलून घेतलेली पानं माझ्याही रजिस्टरांत आहेत. लाल शाईनं जुनं नाव खोडलेलं आणि वर नवं. मी ती फक्त दुरुस्ती म्हणून वाचत आलो. दगडू-कचरूचं कारण सांगताना मी सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं, ते चुकलं.

बांधावरची | मंगळवार, सकाळी ७.०५

निळी शाई, तुमचं लिहिणं वाचून वही उघडली. उकंडा. आठ महिने मला थोरल्याचं नाव सुचत नाही, त्याच्या बायकोचं सुचत नाही, मास्तरांचं सुचत नाही, आणि सालगड्याचं मात्र पहिल्याच पानावर, विचार न करता सुचलं. का सुचलं, ते आज कळलं. ते नाव मी निवडलंच नव्हतं. गावानं माझ्या हातात दिलं आणि मी लिहून टाकलं.

नाव खोडलंय. जागा कोरी आहे. तो घरी गेल्यावर त्याची माय त्याला काय म्हणून हाक मारते, तिथून सुरुवात करणार आहे. ते प्रकरण अजून लिहिलेलंच नाही, त्याचं घरच मी दाखवलं नव्हतं.

नहरापलीकडची | मंगळवार, दुपारी ३.३०

जरा वेगळं सांगू का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे फॉर्म भरायला मी गावातल्या बायांना मदत करत होते. एक काकू आल्या. पतीचं नाव विचारलं तर गप्प. पुन्हा विचारलं तर पदराआडून हसू. शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून "तू सांग ना" म्हणाल्या. ती दुसऱ्या गावची, तिला ठाऊक नाही. मागे वीस जणींची रांग, ऊन डोक्यावर. शेवटी मीच म्हटलं, काकू, नाव घ्या. म्हणजे उखाण्यात घ्या. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि एका दमात म्हणाल्या,

"कार्डावर नाव चुकलं, चार वेळा झाला फेरा,
गोविंदरावांचं नाव घेते, आता तरी अंगठा धरा!"

सारी रांग टाळ्या वाजवायला लागली. त्यानंतरच्या प्रत्येकीनं नाव उखाण्यातच घेतलं. काम दुपारी दोनला संपायचं ते पाचला संपलं. कोणीही घरी जायची घाई केली नाही.

कुरखेड्याची लेक | मंगळवार, दुपारी ३.४४

या काकूंना आमच्या मंडईत आणा हो!

वऱ्हाडी ठेचा | बुधवार, रात्री ८.१५

भेटले काका. बाजारात वांगे निवडत व्हते. मी म्हटलं, काका, एक सांगा, तुमाले तीन-पस्तीस काहून म्हनते? सोयाबीनवरून का गाडीवरून?

काकायनं वांगं खाली ठेवलं. मले बाजूले घेतलं, निंबाखाली. म्हने, "दोनी नाही. १९८४ ची धाव्वी. मार्क तीनशे पस्तीस. गावातला पयला पास." निकाल पाहाले त्यायचे बाबा अन् थे सायकलनं तालुक्याले गेल्ते. येताना बाबानं फाट्यापासून गावापर्यंत सायकल हातात धरून आनली अन् भेटन त्याले सांगत आले, तीनशे पस्तीस, तीनशे पस्तीस. ज्याले मार्क म्हनजे काय थे ठाव नोतं त्यायलेही आकडा पाठ झाला. थोच नाव झाला.

गाडीचंही खरं हाये म्हने, पन थे मंगचं. गावात पेपर येत नोता. ३.३५ च्या गाडीत कंडक्टर जुना पेपर देत जाय, थो घ्याले काका फाट्यावर जात अन् पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवत. अन् १९९४ च्या मंग सोयाबीनचं बियाणं गावात आलं, पोत्यावर ३३५ लिवलेलं, तवा त्यायचे बाबा जिते व्हते. म्हाताऱ्यानं पोत्यावर हात फिरवला अन् चार लोकांत सांगितलं, "पाहा, आता सरकारनं बियाण्यालेही माह्या पोराचं नाव देलं."

ताई, मी त्यायले तुमचं सांगितलं. कादंबरीत नाव घेऊ का म्हनून इचारलं. काका म्हने, "घे म्हना. पन मार्क बदलाचे नाही."